तीळ वाढायचा का थांबतो?

माझ्या डाव्या मनगटावर एक तीळ आहे. शाळेत असताना मोहरीएवढा होता, कॉलेजपर्यंत मसुराएवढा झाला आणि मग थांबला. गेली तीस वर्षं तेवढाच आहे. मनगटावर तीळ असला की हातात पैसा खेळतो, असं आजी म्हणायची. पैशाचं राहू द्या. पण तो थांबला का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला आणि त्याचं उत्तर थेट म्हातारपणाच्या जीवशास्त्रात निघालं.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्यातल्या एखाद्या पेशीच्या डीएनएत एक अक्षर चुकतं. बहुतेक साध्या तिळांत ही चूक बीआरएएफ नावाच्या एकाच जनुकात सापडते. हे जनुक गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं काम करतं आणि चुकीमुळे तो दाबलेलाच राहतो. मग त्या पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ असा सपाटा सुरू होतो. मेलॅनोमा हा त्वचेचा जीवघेणा कर्करोग. त्याच्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये नेमकी हीच चूक असते. म्हणजे माझ्या मनगटावरच्या एका पेशीनं कर्करोगाच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं होतं. काही काळ ती त्या वाटेनं चाललीही. मग तिच्या सगळ्या लेकींनी करकचून ब्रेक दाबला. त्या मेल्या नाहीत. त्या खातात, रंग बनवतात, कचरा बाहेर टाकतात. फक्त विभागत नाहीत. (घाबरून तीळ मोजत बसू नका. क्वचितच एखादा पुढे बिघडतो. मात्र जुना तीळ अचानक वाढायला लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली किंवा त्यातून रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.)

पेशीच्या या अवस्थेला सेल्युलर सिनेसन्स म्हणतात. लॅटिनमधल्या ‘म्हातारं होणं’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं. मराठीत ‘पेशीचं वार्धक्य’ म्हणावं, तर माणसाच्या वार्धक्याशी गल्लत होते. वर्तमानपत्रांनी ‘झॉम्बी पेशी’ असं नाव रूढ केलंय. ते ऐकायला झकास आहे, पण त्यातून पेशी उगाच खलनायक ठरते. मी आपलं साधं ‘थांबलेली पेशी’ म्हणणार आहे. कारण थकून गळून पडणं वेगळं आणि ठरवून थांबणं वेगळं, आणि ही पेशी ठरवून थांबलेली असते.

पेशी थांबतात हे विज्ञानाला सहजासहजी मान्य झालं नाही. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध उलट्याच समजुतीत गेला. १९१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा एक तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला ठेवला. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, ते मात्र रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्रासाठी. तो तुकडा वाढतच राहिला. कोंबडी फार तर आठ-दहा वर्षं जगते. ही पेशीवस्ती चौतीस वर्षं चालली, खुद्द कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षं. शेवटी १९४६ साली ती बंद केली, तीही पेशी मेल्या म्हणून नव्हे, तर आता पुरे म्हणून. निष्कर्ष उघड होता: पेशी अमर असतात, म्हातारं होतं ते शरीर.

मग १९५० चं दशक संपता संपता फिलाडेल्फियातल्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला. त्याचं काम तसं दुय्यम होतं: संस्थेतल्या इतर लोकांना प्रयोगासाठी मानवी पेशी वाढवून पुरवायच्या. हे काम कसं चालतं, ते डोळ्यांसमोर आणून बघा. चपट्या काचेच्या बाटलीत गुलाबीसर पोषणद्रव असतो. पेशी तळाला चिकटून पसरतात आणि काही दिवसांत तळ पूर्ण भरतो. मग त्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, सोडवून घ्यायच्या आणि दोन बाटल्यांत अर्ध्या-अर्ध्या वाटायच्या. त्या दोन भरल्या की चार. प्रत्येक वाटपाला पेशींची संख्या दुप्पट झालेली असते, म्हणून वहीत एक रेघ मारायची. आपल्याकडे विरजण लावतात तसंच म्हणा ना: कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात.

हेफ्लिकच्या लक्षात आलं, की काही बाटल्यांचं विरजण लागेनासं झालंय. पेशी जिवंत आहेत, पण तळ भरत नाही. आधी त्याला वाटलं, आपलंच काही चुकतंय. भांडी नीट धुतली गेली नसतील, द्रव बिघडला असेल, एखादा विषाणू शिरला असेल. पण वही उघडून पाहिली, तर थांबलेल्या सगळ्या बाटल्या जुन्या होत्या. त्याच खोलीत, तोच द्रव पिणाऱ्या, त्याच हातांनी हाताळलेल्या नव्या बाटल्या झकास वाढत होत्या. आणि जुन्या बाटल्यांच्या रेघा मोजल्या, तर त्या सगळ्या पन्नासच्या आसपास होत्या.

त्यानं आणि पॉल मूरहेड यांनी केलेला पुढचा प्रयोग मला विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्याला काहीच साहित्य लागत नाही, फक्त डोकं लागतं. पुरुषाच्या पेशी आणि स्त्रीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात. त्यांनी साधारण चाळीस वेळा दुप्पट झालेल्या पुरुषपेशी आणि जेमतेम दहा वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीपेशी एकाच बाटलीत मिसळल्या. दोष द्रवात असेल, तर दोघीही थांबतील. विषाणू असेल, तर दोघींनाही लागेल. काही आठवड्यांनी पाहिलं, तर बाटलीत जवळपास फक्त स्त्रीपेशी उरल्या होत्या. वेगळ्या ठेवलेल्या जुन्या पुरुषपेशीही तोवर थांबल्या होत्या. म्हणजे पेशीचं वय बाटलीत नव्हतं, पेशीच्या पोटात होतं.

हा निबंध त्यांनी एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवला आणि तो परत आला. नकाराच्या पत्रावर पेटन राउस यांची सही होती. योग्य वातावरण मिळालं की पेशी अनंत काळ वाढतात, ही ऊतीसंवर्धनातून हाती आलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, असा त्या पत्राचा आशय होता. राउस कुठल्या संस्थेतले? रॉकफेलरचे. निबंध शेवटी १९६१ साली दुसरीकडे छापून आला. आणि कॅरेल यांची ‘अमर’ कोंबडी? ती पुन्हा कुणालाच जमली नाही. त्या पेशींना कोंबडीच्या गर्भाचा अर्क खाऊ म्हणून दिला जायचा. त्यातून दर वेळी थोड्या ताज्या पेशीही आत पडत असाव्यात, हे त्याचं सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण. म्हणजे चौतीस वर्षं विरजण बदललं जात होतं आणि दही तेच आहे असं सगळे समजत होते.

पन्नास हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. एक पेशी पन्नास वेळा दुप्पट झाली, तर सुमारे अकराशे लाख कोटी पेशी होतात. माणसाच्या अख्ख्या शरीरात साधारण सदतीस लाख कोटी पेशी असतात. म्हणजे एका पेशीच्या वाट्याला आलेल्या पन्नास दुपटींत तीस माणसं उभी राहतील. त्यामुळे ‘पन्नास संपले की माणूस संपला’ असं सरळसोट गणित इथे लागू होत नाही.

हेफ्लिकची आणखी एक गंमत. वीस वेळा दुप्पट झालेल्या पेशी त्यानं गोठवून ठेवल्या. पुढे कधी तरी त्या वितळवल्या, तर त्या उरलेल्या तीसच वेळा विभागल्या. गोठलेल्या काळात त्यांचं वय वाढलं नाही आणि आपण कुठवर आलो होतो तेही त्या विसरल्या नाहीत. हा गुण व्यवहारात फार मोलाचा निघाला. १९६२ साली त्यानं डब्ल्यूआय-३८ नावाची मानवी गर्भाच्या फुप्फुसपेशींची वस्ती तयार केली आणि तिच्या शेकडो कुप्या गोठवल्या. रुबेलाची आरए २७/३ ही लस विस्टारमध्ये याच पेशींवर तयार झाली. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गोवर-रुबेलाची मोहीम झाली, मुलं रांगेत उभी राहून दंडावर टोचून घेत होती, ते आठवत असेल. त्या लसीतला रुबेलाचा विषाणू हाच आरए २७/३. पुण्यात तयार होणारी ही लस आजही मानवी पेशींवरच वाढवतात. त्या पेशीही विभागण्याची मर्यादा असलेल्या, म्हणजे कर्करोगाच्या अमर पेशी नव्हेत, म्हणूनच लसीसाठी भरवशाच्या.

आता प्रश्न उरला तो मोजतं कोण. हेफ्लिकनं पुढे एका सहकाऱ्यासोबत पेशींच्या केंद्रकांची अदलाबदल करून दाखवलं, की मोजणी केंद्रकात होते. पण नेमकी कशी, हे मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांना आधीच सुचलं होतं, तेही भुयारी रेल्वेच्या फलाटावर. हेफ्लिकच्या शोधावरचं व्याख्यान ऐकून ते स्टेशनवर उभे होते, आणि रूळ व त्यावरून धावणारी गाडी पाहता पाहता त्यांच्या मनात आलं, की रुळाच्या अगदी टोकाच्या ज्या भागावर गाडी स्वतः उभी आहे, त्या भागाची नक्कल तिला करता येणार नाही. १९७१ साली त्यांनी हे छापलं.

मला ते सारवणाच्या उदाहरणानं पटकन समजतं. शेणानं जमीन सारवणारी बाई उकिडवी बसून मागे मागे सरकत जाते. सगळी खोली लखलखीत होते, पण ती स्वतः जिथे बसली आहे ती वीतभर जागा शेवटी राहतेच. डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराचंही तसंच. गुणसूत्राच्या टोकाची शेवटची काही अक्षरं दर वेळी सुटतात. टोकाला महत्त्वाचा मजकूर असता तर पंचाईत झाली असती. म्हणून तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा नुसती गिरवून ठेवलेली असतात, वहीच्या शेवटी कोरी पानं सोडतात तशी. हे टोक म्हणजे टेलोमिअर. जन्माच्या वेळी ते साधारण दहा हजार अक्षरांच्या घरात असतं आणि बाटलीतल्या पेशीत दर विभागणीला पन्नास ते शंभर अक्षरांनी आखूड होतं. ते फारच आखूड झालं, की पेशीला ते टोक म्हणजे तुटलेला डीएनए वाटतो. धोक्याची घंटा वाजते, पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं आणि विभागणी बंद पडते.

कोरी पानं पुन्हा भरणारं टेलोमरेज हे विकरही आहे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडलं. ग्रायडर यांना त्याची पहिली खूण दिसली ती १९८४ च्या नाताळच्या दिवशी. जॅक शोस्टाक यांच्यासह दोघींना २००९ चं नोबेल मिळालं. आपल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असतं. कर्करोगाच्या दहातल्या जवळपास नऊ गाठी ते पुन्हा चालू करून घेतात.

इथेच बऱ्याच लोकांची गाडी घसरते. टेलोमिअर म्हणजे आयुष्याची मेणबत्ती, ती वाढवली की आयुष्य वाढलं, असं सांगून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच विचारावं, की प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसाच्या कित्येक पट लांब असतात, मग तो तीन वर्षांत का मरतो?

आणि माझ्या तिळाचं काय? त्यातल्या पेशींचे टेलोमिअर काही संपलेले नसतात. मग त्या का थांबल्या?

हे कोडं सुटायला १९९७ साल उजाडलं. निरोगी पेशीत कर्करोगाला चालना देणारं रास नावाचं जनुक घातलं, तर पेशीनं चौखूर उधळायला हवं. मानुएल सेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घालून पाहिलं, तर पेशी थोडी उधळली आणि ठप्प झाली, हुबेहूब म्हाताऱ्या पेशीसारखी. म्हणजे टेलोमिअर आखूड होणं हे थांबण्याचं फक्त एक कारण. अ‍ॅक्सिलरेटर अडकणं हे दुसरं. किरणोत्सर्ग, केमोथेरपीची औषधं, सिगारेटच्या धुरानं झालेली डीएनएची मोडतोड, ही आणखी काही. कारणं वेगवेगळी, पण ब्रेक मोजकेच: एक पी-५३ चा, दुसरा पी-१६ नावाच्या प्रथिनाचा. यातला दुसरा एकदा लागला की सहसा सुटत नाही. २००५ साली माणसांच्या तिळांत हाच प्रकार प्रत्यक्ष दाखवला गेला: अडकलेला बीआरएएफ, लागलेला पी-१६ चा ब्रेक, आणि शाबूत टेलोमिअर.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, की ही पेशी थकलेली नसते. ती धोका ओळखून स्वतःला कुलूप लावून घेते. पी-५३ काढून टाकलेल्या उंदरांपैकी बहुतेकांना सहा महिन्यांच्या आत गाठी होतात. कुलूप नसेल तर काय होतं ते यावरून समजावं. थांबणं हा आपल्या शरीराचा कर्करोगाविरुद्धचा पहारा आहे.

मग हा पहारा म्हातारपण कसा आणतो?

याचं उत्तर मला अढीत सापडतं. आमच्या कोकणातल्या घरी मे महिन्यात माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंबे घातलेले असायचे. पिकणारा आंबा एथिलीन नावाचा वायू सोडतो. तो शेजारच्या कच्च्या आंब्याला लागला की तोही पिकायला लागतो. सुटे ठेवले तर पंधरा दिवस लागतील ते पेंढ्यात दाबून ठेवले की आठवड्यात होतं ते त्यामुळेच. पण आजी रोज सकाळी उठून आधी माळ्यावर जायची. एकेक आंबा हातात घेऊन देठाशी हुंगायची आणि डागाळलेला दिसला की बाजूला काढायची. एक नासका आंबा अढी नासवतो, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती मुळात अगदी शब्दशः खरी आहे.

थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती आकारानं पसरट आणि मोठी होते, आणि आजूबाजूला रसायनांचा नुसता पाऊस पाडते: दाह पेटवणारी इंटरल्युकिन-६ आणि ८ सारखी द्रव्यं, पेशींमधलं कोलॅजनचं जाळं कुरतडणारी विकरं, शेजाऱ्यांना वाढायला सांगणारे संदेश. अमेरिकेत ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटानं २००८ साली या स्रावांची यादी मांडली आणि त्याला एसएएसपी हे नाव दिलं. याच कॅम्पिसींनी १९९५ साली थांबलेल्या पेशी ओळखण्याची एक सोपी खूणही शोधली होती: एक रंगद्रव्य टाकलं की त्या निळ्या दिसतात. तरुणाच्या त्वचेच्या कापात निळे ठिपके विरळ, म्हाताऱ्याच्या त्वचेत जास्त.

हा स्राव शेजारच्या चांगल्या पेशींनाही थांबायला लावतो, आणि मग त्याही स्रवायला लागतात. म्हणजे अढीच. सांध्यातली कूर्चा झिजणं, धमन्यांत चरबीचे थर साचणं, फुप्फुसात जून वण धरणं, या सगळ्यांच्या आसपास थांबलेल्या पेशी जमलेल्या आढळतात. आणि विरोधाभास असा, की जी पेशी कर्करोग टाळायला थांबली, तिच्या स्रावामुळे शेजारच्या अर्धवट बिघडलेल्या पेशीला कर्करोगाकडे ढकललं जाऊ शकतं.

पण एथिलीन वाईट नव्हे, तसा हा स्रावही वाईट नव्हे. खरचटलं, कापलं, की जखमेत तात्पुरत्या थांबलेल्या पेशी तयार होतात. त्यांच्या हाका ऐकून दुरुस्तीची टोळी येते, आणि काम झालं की रोगप्रतिकारक पेशी येऊन त्यांना गिळून टाकतात. उंदरांमध्ये या पेशी मुद्दाम काढून टाकल्या, तर जखमा उशिरा भरल्या. गर्भ घडतानाही ठरावीक जागी, ठरावीक दिवशी पेशी अशा थांबतात आणि अवयवाला आकार देऊन निघून जातात, हे २०१३ साली दोन गटांनी दाखवलं. थांबलेली पेशी आली आणि वेळेवर गेली, तर ती कामाची. बिघडतं ते ती राहिली की. तरुणपणी आजी रोज माळ्यावर जाते. पुढे आजीलाच दिसेनासं होतं, गुडघे दुखतात, माळ्यावर जाणं चुकतं. आपली रोगप्रतिकारशक्ती वयाबरोबर अशीच मंदावते, आणि नेमक्या त्याच काळात डागाळलेले आंबेही वाढलेले असतात.

निसर्गानं ही सोय अर्धवट का सोडली? जॉर्ज विल्यम्स या उत्क्रांतिशास्त्रज्ञानं १९५७ साली याचं उत्तर दिलंय. आपले पूर्वज साथींत, उपासमारीत, बाळंतपणात, जनावराच्या तोंडी मरायचे. पंचविशीत कर्करोगापासून वाचवणारा ब्रेक त्यांच्या मुलाबाळांपर्यंत पोचला. त्याच ब्रेकची किंमत सत्तरीत मोजावी लागते, पण सत्तरीपर्यंत पोचणारेच थोडे, आणि तोवर मुलं होऊन गेलेली. निवडीच्या चाळणीला ती किंमत दिसलीच नाही.

एवढं सगळं २०११ पर्यंत शंका घेण्याजोगं होतं. थांबलेल्या पेशी म्हातारपण आणतात, की म्हातारपणी नुसत्या दिसतात? पिकलेले केस म्हातारपणी दिसतात, पण केस काळे केल्यानं कुणी तरुण होत नाही. याचा निकाल लावायला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॅरेन बेकर आणि यान फान ड्यूरसेन यांनी एक हुशार उंदीर तयार केला. त्याच्या ज्या पेशीत पी-१६ चा ब्रेक लागेल, त्याच पेशीत एक आत्महत्येचं बटण तयार व्हायचं. एक औषध टोचलं की बटण दाबलं जाणार, आणि मरणार फक्त थांबलेल्या पेशी. लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांना हे औषध दिलं, तर मोतीबिंदू लांबला, स्नायू टिकले, त्वचेखालची चरबी शाबूत राहिली. २०१६ साली तोच प्रयोग नैसर्गिकरीत्या म्हातारे होणाऱ्या उंदरांवर केला, तेव्हा त्यांचं मध्यम आयुष्य सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढलं.

उलटा प्रयोग मला जास्त पटला. २०१८ साली त्याच संस्थेतल्या जेम्स कर्कलँड यांच्या गटानं तरुण, धडधाकट उंदरांत थांबलेल्या पेशी टोचल्या. फार नाही, शरीरातल्या सात ते पंधरा हजार पेशींमागे एक. काही आठवड्यांत त्या उंदरांची चाल मंदावली, पकड ढिली पडली. आणि तपासलं तर त्यांच्या स्वतःच्या पेशीही थांबायला लागल्या होत्या. पंधरा हजारांत एक नासका आंबा, आणि अढी नासली.

माणसात बटण बसवता येत नाही. मग औषध शोधायचं कसं? थांबलेली पेशी स्वतःच्या स्रावात स्वतः का मरत नाही, हा प्रश्न कर्कलँड यांच्या गटाला सुचला. उत्तर असं, की तिनं आत्महत्या रोखणाऱ्या प्रथिनांची ढाल उचललेली असते. ती ढाल काढून घेतली की पेशी आपोआप कोसळेल. २०१५ साली त्यांनी दोन जुनीच रसायनं एकत्र वापरून हे दाखवलं: डॅसॅटिनिब, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, आणि क्वेर्सेटिन, म्हणजे कांद्यात, सफरचंदाच्या सालीत असतं ते द्रव्य. अशा औषधांना सेनोलिटिक म्हणतात. गंमत म्हणजे ती रोज घ्यायची नसतात. थांबलेली पेशी पुन्हा जमायला आठवडे लागतात, म्हणून दोन-तीन दिवस घ्यायची आणि मग थांबायचं.

कांद्याचं नाव आलं की पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मोबाइलवर ‘कांद्याचा अर्क, म्हाताऱ्या पेशी साफ’ अशा कॅप्सुलांची जाहिरात आठवड्यातून एकदा तरी येते. हिशेब करून बघू. फुप्फुसात वण धरण्याच्या आजारावर २०१९ साली चौदा रुग्णांवर जी पहिली छोटी चाचणी झाली, तिच्यात दिवसाला १,२५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिलं होतं. शंभर ग्रॅम कांद्यात ते साधारण वीस ते चाळीस मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका दिवसात तीन ते सहा किलो कांदा. लासलगावच्या बाजाराला बरं वाटेल, पोटाला नाही. आणि ते एकटं नव्हतंच. सोबत डॅसॅटिनिब होतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं औषध नाही. त्या चाचणीत रुग्णांचं सहा मिनिटांतलं चालणं सुधारलं, पण तुलनेला खोटी गोळी घेणारा गटच नव्हता.

तुलना झाली तिथे चित्र निराळं दिसलं. झिजलेल्या गुडघ्यात थेट टोचायचं एक सेनोलिटिक उंदरांत उत्तम चाललं होतं. २०२० साली माणसांवरच्या चाचणीत ते खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. मेयोमध्येच पाळी गेलेल्या साठ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना वीस आठवडे डॅसॅटिनिब-क्वेर्सेटिनची जोडी टप्प्याटप्प्यानं दिली. २०२४ साली निकाल आला: हाडं झिजण्याचा वेग एकंदरीत कमी झाला नाही. मात्र ज्यांच्या रक्तातल्या टी-पेशींत (या रोगप्रतिकारक पेशी) पी-१६ सर्वांत जास्त होतं, त्यांना थोडा फायदा झालेला दिसला. शिवाय २०२० साली उंदरांच्या यकृतात असंही आढळलं, की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पी-१६ वाल्या पेशी काढून टाकल्या, तर त्या जागी नवीन पेशी येतच नाहीत. जागा भरून काढायला वण येतो. सगळेच डागाळलेले आंबे फेकण्यासारखे नसतात, काहींवर अख्खी अढी टेकलेली असते.

हाडांच्या चाचणीतली ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. औषध कदाचित त्यांनाच लागू पडतं, ज्यांच्या अंगात थांबलेल्या पेशी खरोखर जास्त आहेत. पण कुणाच्या अंगात किती आहेत, हे साखर मोजावी तसं मोजता येत नाही. उंदराचा अवयव कापून निळा रंग टाकून बघता येतो. जिवंत माणसाच्या त्वचेचा, चरबीचा तुकडा काढावा लागतो, आणि त्वचेतला आकडा गुडघ्याला लागू होईलच असं नाही. टी-पेशींतलं पी-१६ ही आत्तापुरती त्यातल्या त्यात बरी खूण. ती वयाबरोबर वाढते, सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी वाढते. आणि २०२१ च्या एका अभ्यासात ज्येष्ठांनी बारा आठवडे नियमित व्यायाम केला, तेव्हा ती खाली आली. गोळी न घेता.

परवा एका प्रदर्शनात कॅप्सूलवाल्याच्या स्टॉलवर मी थांबलो. डबी अठराशे रुपयांना, महिन्याची. मी विचारलं, हे घेण्याआधी माझ्या थांबलेल्या पेशी किती आणि घेतल्यानंतर किती, ते कसं दाखवणार? तो म्हणाला, “सर, चेहऱ्यावर ग्लो दिसेल.”